फायनान्स कंपनीतून आपला डेटा फुटला तर कायद्याने नक्की काय करता येतं? (दंड सरकारला, मग ग्राहकाला काय?)

रानजाई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज.

एका फायनान्स कंपनीकडून मी पर्सनल लोन घेतलं होतं, ते गेल्या वर्षी पूर्ण फेडून एनओसी पण घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. परवा त्यांचा मेल आला की आमच्या एका सर्व्हिस पार्टनरच्या सिस्टिममध्ये अनधिकृत ॲक्सेस झाल्याचं आढळलंय, काही ग्राहकांची माहिती बाधित झालेली असू शकते, कृपया सतर्क राहा. संपला मेल. कुठली माहिती गेली, कधी गेली, माझी गेली का, एक अक्षर नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे ॲपचा पासवर्ड बदला. अरे पण पासवर्ड बदलता येतो, पॅन कसं बदलू? आधारची कॉपी, सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट, ऑफिसचा पत्ता, रेफरन्स म्हणून दिलेले भावाचे आणि मैत्रिणीचे नंबर, सगळं त्यांच्याकडे आहे. आणि लोन बंद झाल्यावर हे सगळं ठेवलं कशासाठी?

अजून तरी पैसे गेलेले नाहीत. पण जाईपर्यंत वाट बघत बसायचं का? कंपनीवर केस करता येते का, कोणाकडे जायचं, भरपाई मिळते का? नवीन डेटा कायद्यात २५० कोटी दंड आहे असं वाचलं, त्यातलं ग्राहकाला काही मिळतं का? माहितगारांनी सांगा. मी एकटी नाही, तोच मेल ऑफिसमधल्या अजून काही जणांना आलाय.

खडीसाखर

कायद्याचं जाणकार सांगतीलच, त्याआधी आज रात्रीच करायचं ते सांगतो. तो मेल डिलीट करू नकोस, हेडरसकट सेव्ह कर, पीडीएफ काढ. क्रेडिट रिपोर्ट मागव, चारही ब्युरोंकडून (सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. चौघांचे एकदम काढण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकाचा काढलास तर वर्षभर नजर राहते. आधारचं बायोमेट्रिक लॉक कर. बँकेत मोबाईल नंबर आणि ईमेल अपडेट आहेत का बघ, कारण अलर्टच आला नाही तर पुढचं सगळं लंगडं पडतं.

आणि येत्या काही महिन्यांत "तुमच्या त्या लोन कंपनीतून बोलतोय, डेटा लीक झालाय म्हणून व्हेरिफाय करतोय" असा फोन येणार हे धरूनच चाल. त्यांच्याकडे तुझा जुना लोन नंबर, ईएमआयची रक्कम सगळं बरोबर असेल, म्हणून खरा वाटेल. भावाला आणि मैत्रिणीलाही सांगून ठेव, त्यांचेही नंबर गेलेत.

तळटीप

मी ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. आधी २५० कोटींचं, कारण सगळ्यांचा गोंधळ तिथेच होतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत, आणि डेटा फुटल्याचं डेटा संरक्षण बोर्डाला (या कायद्याखालची सरकारी यंत्रणा) किंवा ग्राहकाला कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत दंड, हे खरं आहे. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याचा डेटा गेला त्याला त्यातला एक रुपयाही द्यायची तरतूद या कायद्यात नाही. भरपाई हा प्रकारच त्यात ठेवलेला नाही. मला ही त्या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते आणि मी ते जिथे संधी मिळेल तिथे बोलत असते.

दुसरं म्हणजे हा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. बोर्ड स्थापन करायची कलमं लगेच लागू झाली, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं, म्हणजे सुरक्षा, ग्राहकाला कळवणं, बोर्डाला ७२ तासांत सविस्तर अहवाल देणं, हे १८ महिन्यांनी, म्हणजे साधारण मे २०२७ पासून. तोपर्यंत त्या कलमांखाली कंपनीला धरता येत नाही.

आता कामाची गोष्ट. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये कलम ४३ए आहे. ज्या कंपनीनं संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळताना वाजवी सुरक्षा ठेवण्यात निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तिनं त्या माणसाला भरपाई द्यायची. सरकारला नाही, त्या माणसाला. बँक खातं, कार्ड, इतर पेमेंटचे तपशील, पासवर्ड, बायोमेट्रिक हे सगळं २०११ च्या नियमांनुसार संवेदनशील माहितीत येतं. दावा करायचा राज्याच्या आयटी खात्याच्या सचिवांपुढे, ते या कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी असतात, महाराष्ट्रात म्हणजे मंत्रालयात. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्याकडे, त्यावरचे दिवाणी कोर्टात. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत टीडीसॅटकडे (दिल्लीतलं अपिलाचं न्यायाधिकरण) अपील.

आणि हे नीट वाचा, नवीन कायद्यानं हे ४३ए रद्द केलंय, फक्त ते रद्द होणंही त्याच १८ महिन्यांनंतर अमलात येणार आहे. म्हणजे भरपाईचा एक थेट मार्ग आज आहे आणि काही काळानं नसेल. ज्यांचं खरोखर नुकसान झालंय त्यांनी "नवीन कायदा पूर्ण लागू होऊ दे मग बघू" म्हणून थांबू नये, उलटं होईल.

रानजाई, तुझ्या "ठेवलं कशासाठी" वर, केवायसीची कागदपत्रं व्यवहार संपल्यावरही ५ वर्षं ठेवणं मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानं त्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे पॅन आणि पत्त्याचा पुरावा का ठेवला हा मुद्दा टिकणार नाही. पण रेफरन्सचे नंबर लोन फिटल्यावर कशाला ठेवले आणि ते पार्टनरच्या सिस्टिममध्ये का होते, हे लेखी विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

रानजाई

तळटीप ताई, खूप आभार. पण माझं "नुकसान" काय दाखवू? पैसे तर गेले नाहीत. झोप उडालीये ते धरतात का?

तळटीप

ताई म्हणालीस म्हणून खरं तेच सांगते. ४३ए मध्ये नुकसान किंवा कुणाचा तरी गैरलाभ हा शब्दशः लागतोच, नुसता डेटा फुटला आणि भीती वाटली यावर त्या अधिकाऱ्यापुढे मोठी रक्कम मिळणं अवघड आहे. म्हणून आत्ता नुकसान न झालेल्या माणसानं करायचं काम वेगळं, पुढे झालंच तर कंपनीशी त्याचा धागा जोडता येईल असा कागद आज तयार करणं. या केसेस हरतात त्या बहुतेक इथेच, की पैसे गेले हे दिसतं पण ते याच लीकमुळे गेले हे दाखवता येत नाही.

अधिकमास

बँकेत नोकरी केली, शेवटची काही वर्षं तक्रार निवारणातच होतो. तळटीप यांनी कोर्टाचं सांगितलं, मी आतलं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे फोनवरच्या तक्रारीला शून्य किंमत. लेखी, ईमेलनं, कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला. त्याचं नाव नंबर वेबसाइटवर टाकणं बंधनकारक असतं, आणि २०११ च्या आयटी नियमांत त्यानं एक महिन्यात निवारण करायचं असं स्पष्ट आहे. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय सोडायचं नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, आपण सगळे ओम्बड्समन म्हणतो तो. २०२१ पासून बँका, बऱ्याचशा एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या), वॉलेटवाले यांच्यासाठी एकच एकत्रित योजना आहे, २०२२ पासून क्रेडिट ब्युरोही त्यात आले. पोर्टलवर (सीएमएस) तक्रार टाकायची, फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. २०२१ च्या योजनेत नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि वर वेळ, खर्च, मनस्ताप यासाठी एक लाखापर्यंत द्यायचा अधिकार दिला होता. रानजाई बाई, मनस्ताप तिथे धरतात हे लक्षात ठेवा.

एक सावधगिरी. त्याच विषयावर आधी ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलात तर ओम्बड्समन तक्रार ऐकत नाही. आधी ओम्बड्समन, मग समाधान नाही झालं तर आयोग, हा क्रम ठेवा, उलटा केला की एक दार आपणच बंद केलेलं असतं. आणि २०२१ च्या योजनेप्रमाणे कंपनीचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं.

"पार्टनरच्या सिस्टिममधून गेलं, आमच्याकडून नाही" हे वाक्य ऐकून घेऊन गप्प बसू नका. डिजिटल कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासून हेच सांगताहेत की काम बाहेरच्याला दिलं तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच. फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो यांना ॲपनं हात लावायचा नाही, हेही त्यातच. तुमच्या ॲपनं परमिशन मागितली होती का आठवा, स्क्रीनशॉट असेल तर तक्रारीला जोडा.

पाटपाणी

सगळं कागदावर छान आहे हो. प्रत्यक्षात काय होतं? कंपनीकडे वकिलांची फौज, आपण रजा काढून चकरा मारायच्या, तारखेवर तारीख. माझ्या ओळखीत एकानं बँकेविरुद्ध केस केली आणि शेवटी कंटाळून सोडली. भारतात डेटा लीकसाठी सामान्य माणसाला भरपाई मिळाल्याचं एक तरी उदाहरण दाखवा.

तळटीप

पाटपाणी, कंटाळून सोडणारे मीही पाहिलेत, त्यांना दोष देणार नाही. पण उदाहरणं आहेत.

२०१३ साली महाराष्ट्राच्याच आयटी सचिवांनी पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या तक्रारीवर पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायला लावले. फिशिंग मेलमुळे खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. तक्रारदारानं त्या मेलला उत्तर दिलं होतं म्हणून पूर्ण रक्कम नाही मिळाली, तरी बँकेनं संशयास्पद खाती उघडू दिली, सुरक्षेत ढिलाई केली हे धरलं गेलं. त्याआधी २०१० मध्ये तमिळनाडूच्या अधिकाऱ्यानं आयसीआयसीआय बँकेला एका ग्राहकाला १२.८५ लाख द्यायला सांगितले होते. हे दोन्ही आदेश ज्या यंत्रणेनं दिले तिच्याकडे आज फार कमी लोक जातात, कारण ती आहे हेच माहीत नसतं.

आणि तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडणारं, जानेवारी २०२५ चं सुप्रीम कोर्टाचं. आसाममधला ग्राहक, एका कपड्यांच्या ब्रँडच्या वेबसाइटवरून ऑनलाइन खरेदी केलेली, त्या वेबसाइटवरचा डेटा फुटला, भामट्यानं कस्टमर केअर असल्याचं सांगून फोन केला आणि खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. स्टेट बँक म्हणाली ग्राहकाचीच चूक. पण त्यानं २४ तासांच्या आत बँकेला कळवलं होतं आणि त्याचा निष्काळजीपणा बँकेला दाखवता आला नाही. गुवाहाटी हायकोर्टानं बँकेला पैसे द्यायला सांगितले, सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. डेटा फुटला एकीकडून, पैसे गेले दुसरीकडून, तरी बँक जबाबदार.

आणखी एक आपल्या मुंबई हायकोर्टाचं, जून २०२४. खात्यातून सुमारे ७६ लाख गेलेले, ओटीपी न येताच बेनिफिशियरी ॲड झालेले, ओम्बड्समननं तक्रार फेटाळली होती. हायकोर्टानं तो आदेश बाजूला ठेवला आणि बँक ऑफ बडोदाला रक्कम व्याजासकट परत करायला सांगितली. म्हणजे ओम्बड्समन नाही म्हणाला तरी तिथे सगळं संपत नाही.

अधिकमास

या शेवटच्या दोन्ही निकालांच्या मुळाशी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ते प्रत्येकानं पाठ करावं असं मला वाटतं. बँकेची चूक असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मध्येच कुठेतरी तिसरीकडे सिस्टिम फुटली, तर व्यवहाराचा अलर्ट आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर जबाबदारीला कमाल मर्यादा, साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. डेटा लीकमधून पुढे झालेला फ्रॉड हा बहुतेक वेळा त्या "तिसरीकडे" मध्ये बसतो, म्हणूनच मी म्हणतो की फायनान्स कंपनीचा तो मेल जपून ठेवा, तो तिसरीकडे डेटा फुटल्याचा तुमचा पुरावा आहे.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेनं तात्पुरती रक्कम खात्यात जमा करायची, ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायचा भार बँकेवर. काउंटरवरचा माणूस "तुम्ही ओटीपी दिला असणार" म्हणाला की लोक घाबरून परत फिरतात. फिरू नका. "हे लेखी द्या" म्हणा.

पैसे जाताना दिसले तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग सायबर क्राइम पोर्टल. १९३० ला लवकर फोन झाला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, तिथे मिनिटांचा हिशोब असतो.

मोडीलिपी

माझ्यावर हे आलंय म्हणून लिहितोय. पैसे नाही गेले, माझ्या पॅनवर कुणीतरी एका ॲपवरून छोटं कर्ज काढलं. कळलं ते होम लोनसाठी अर्ज केल्यावर, बँकेनं सांगितलं तुमच्या नावावर थकलेलं कर्ज आहे. कुठल्या लीकमधून गेलं ते आजतागायत माहीत नाही. वसुलीवाले माझ्या ऑफिसात फोन करायचे, ते दिवस फार वाईट गेले, घरात कुणाशी धड बोलायचो नाही.

उपयोगी पडलं ते सांगतो. ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट टाकला, सोबत सायबर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला केलेला मेल ज्यात मी कर्जाच्या अर्जावरचा फोटो, आयपी ॲड्रेस, आणि पैसे कुठल्या खात्यात जमा केले ते मागितलं होतं. हे मागायचं कुणी सुचवलं नव्हतं पण तिथेच गाडी वळली, कारण ज्या खात्यात कर्ज गेलं ते माझं नव्हतंच आणि हे त्यांना नाकारता येईना. आणि हो, तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा नियम आहे. मला मिळाली. रक्कम मोठी नसते पण ती मागितली की फाईल हलते हे मी पाहिलं.

रानजाई

मोडीलिपी दादा, वाचून पोटात गोळा आला. पोलिसांनी तक्रार घेतली का लगेच?

मोडीलिपी

पहिल्यांदा "पैसे तर तुमचे गेले नाहीत, मग कसली तक्रार" असंच म्हणाले. मग आयटी कायद्याचं कलम ६६सी दाखवलं, दुसऱ्याची ओळख वापरणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पैसे कुणाचे गेले याचा संबंध नाही. पोर्टलवर आधी ऑनलाइन टाकून त्याची पावती घेऊन गेलात तर बरं पडतं.

दूरदेशी

मी अमेरिकेत असते. इथे असं झालं की लगेच क्लास ॲक्शन होते, वकील फी आधी मागत नाहीत, सेटलमेंटमधून घेतात. भारतात तसं का नाही? सगळे मिळून एकच केस का करत नाही? पण इथलंही सगळं सोनं आहे असं नाही हेही सांगते. इक्विफॅक्समधून २०१७ मध्ये साधारण १४.७ कोटी लोकांचा डेटा गेला, २०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतची सेटलमेंट झाली, माणशी १२५ डॉलर मिळणार म्हणून लाखोंनी अर्ज केले, आणि मग कळलं की त्या रोख रकमेसाठी वेगळे काढलेले फक्त ३.१ कोटी डॉलर होते. सगळ्यांत वाटल्यावर हातात फारच थोडं आलं. शिवाय २०२१ मध्ये ट्रान्सयुनियनच्या केसमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्यक्ष हानी झाली नसेल तर फेडरल कोर्टात भरपाईचा दावाच उभा राहत नाही. पण कंपनीला आतले ईमेल, ऑडिट रिपोर्ट कोर्टापुढे ठेवावे लागतात, त्याची मात्र त्यांना खरी भीती असते.

तळटीप

भारतात आधी फी न घेता निकालातला हिस्सा घेणं वकिलांना चालत नाही, त्यामुळे कुणी आपणहून हजारो लोकांसाठी केस उभी करत नाही. पण एकत्र जायचा रस्ता आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५(१)(सी), सारखंच गाऱ्हाणं असलेल्या सगळ्यांच्या वतीनं एक किंवा काही ग्राहक आयोगाच्या परवानगीनं तक्रार करू शकतात. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही करू शकते. रानजाईच्या ऑफिसातल्या अजून काही जणांना तोच मेल आलाय, तिथे हे अगदी बसतं. फक्त तक्रारीत सगळ्यांचं हित एकसारखं कसं ते सविस्तर मांडावं लागतं, तेवढं मोघम ठेवलं की परवानगी नाकारतात.

याच कायद्यात एक छोटी तरतूद आहे जी वकीलही विसरतात. ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं ही "अनुचित व्यापारी प्रथा" म्हणून व्याख्येतच लिहिलेली आहे, कलम २(४७). चोरीला गेलेला डेटा म्हणजे "उघड करणं" होतं का यावर कंपनी भांडणार हे नक्की. पण रानजाईच्या केसमध्ये रेफरन्सचे नंबर आणि स्लिपा पार्टनरला मुळात दिल्या कशाला, हे उघड करणं कंपनीनं स्वतःच केलेलं आहे. मी तिथून सुरुवात करेन, आणि सोबत सेवेतली त्रुटी. आयोगात मानसिक त्रासासाठी भरपाई मागता येते, ४३ए सारखी नुकसानीची अट तितकी कडक नाही.

व्यवहाराची रक्कम म्हणजे मोबदला म्हणून जे दिलं ते ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही. आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठेही असो. दोन वर्षांची मुदत. करारात लवादाचं कलम असलं तरी घाबरायचं नाही, सुप्रीम कोर्टानं एमार एमजीएफच्या केसमध्ये २०१८ सालीच सांगितलंय की लवादाचं कलम ग्राहकाला आयोगात जायला अडवू शकत नाही. फुकट ॲप वापरलं असेल, काहीच पैसे दिले नसतील, तर मात्र "तू ग्राहकच नाहीस" हा बचाव येतो. लोनवाल्यांनी व्याज आणि प्रोसेसिंग फी दिलेली असते, त्यांना ही अडचण नाही, कर्जखात्याचा उतारा जोडा म्हणजे झालं.

पाटपाणी

बरं, उदाहरणं दिलीत, मानलं. पण नवीन कायदा पूर्ण लागू झाला की दिवाणी कोर्टाचे हात बांधलेत असं वाचलं. मग आयोगाचं काय?

तळटीप

बोर्डाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी कोर्टाला अधिकार नाही असं त्यात आहे, बरोबर. पण त्याच कायद्यात हेही आहे की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना कमी करणारा नाही. ग्राहक आयोग हा वेगळ्या कायद्यानं दिलेला वेगळा उपाय आहे, त्यामुळे माझ्या मते तो रस्ता राहतो आणि राहिलाच पाहिजे. कंपन्या वाद घालणारच. म्हणून तर म्हणते ४३ए असेपर्यंत वापरा.

बोर्डाकडे तक्रार करायचे दिवस आले की दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार यंत्रणेतून जाणं सक्तीचं आहे. आणि खोटी किंवा उथळ तक्रार केली तर उलट ग्राहकालाच १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्या कायद्यात आहे, आणि ज्या कायद्यात ग्राहकाला भरपाई नाही त्यात ग्राहकाला दंड मात्र आहे याचा मला मनापासून राग येतो.

खडीसाखर

टेक्निकल बाजूनं एक. २०११ च्या नियमांत कंपनीनं "वाजवी सुरक्षा" ठेवलीय हे दाखवायला आयएसओ २७००१ सारखं मानक आणि दरवर्षी स्वतंत्र ऑडिट असं म्हटलंय. तक्रारीत सरळ विचारा, तुमचं आणि त्या पार्टनरचं सर्टिफिकेट आहे का, शेवटचं ऑडिट कधी झालं, डेटा एन्क्रिप्टेड होता का. शिवाय एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यावर सहा तासांत सर्ट-इनला (सायबर घटनांसाठीची सरकारी यंत्रणा) कळवायचं असतं, ते कधी कळवलं हेही विचारा. उत्तर टाळतील. पण टाळलं हेही पुढे कागदावर दिसतं.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे असतील तर नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यात फाईलचा हॅश (फाईल बदलली नाही हे दाखवणारा कोड) पण लिहायचा असतो. म्हणून मूळ मेल आणि मूळ एसएमएस फोनमधून उडवू नका, फोन बदलताना तर विशेष.

तांबडफुटी

विमा कंपनी असेल तर? आमच्याकडे २०२४ ला स्टार हेल्थचा डेटा टेलिग्रामच्या चॅटबॉटवर फिरत होता तेव्हा आईचे क्लेमचे कागद त्यात असतील या विचारानं आम्ही हबकलो होतो.

अधिकमास

विम्याला वेगळा रस्ता. आधी कंपनी, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल. विमा लोकपालही आहे, पण तो मुख्यतः क्लेम, प्रीमियम, पॉलिसीच्या सेवेतले वाद ऐकतो, निव्वळ डेटा फुटल्याची तक्रार तिथे बसवणं अवघड जाईल, त्यापेक्षा ग्राहक आयोग बरा. डिमॅट किंवा ब्रोकर असेल तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल, तिथे नाही सुटलं तर स्मार्ट ओडीआर, म्हणजे वाद ऑनलाइन सोडवायचं पोर्टल.

रानजाई

तुम्हा सगळ्यांच्या जिवावर मसुदा लिहिलाय, बघा बरं:

"आपल्या ईमेलनुसार आपल्या सर्व्हिस पार्टनरच्या सिस्टिममध्ये अनधिकृत प्रवेश झाला आहे. माझी नेमकी कोणती माहिती त्यात होती, घटना कधी घडली, आपल्याला कधी कळली आणि सर्ट-इनला कधी कळवली, हे लेखी कळवावे. कर्ज फिटल्यानंतरही माझ्या नातेवाइकांचे व परिचितांचे मोबाईल क्रमांक कोणत्या कारणासाठी ठेवले आणि पार्टनरला का दिले, याचा खुलासा करावा. आपल्या व पार्टनरच्या सुरक्षा ऑडिटची तारीख कळवावी. आवश्यक नसलेली माहिती काढून टाकून तसे लेखी द्यावे."

ऑफिसातले अजून चौघं हेच पाठवणार आहेत, आपापल्या नावानं.

तळटीप

चांगलं झालंय. तीन बदल. "माहिती काढून टाकावी" च्या आधी "या घटनेशी संबंधित सर्व नोंदी आणि लॉग जतन करून" हे शब्द घाल, नाहीतर डिलीट करा म्हणालात म्हणून पुरावाच पुसला असं म्हणायला त्यांना मोकळं रान मिळेल. शेवटी एक ओळ जोड, "या घटनेमुळे भविष्यात माझ्या ओळखीचा गैरवापर होऊन नुकसान झाल्यास आपणास जबाबदार धरण्याचा माझा हक्क मी राखून ठेवते." आणि ते जर एक वर्ष फुकट क्रेडिट मॉनिटरिंग देऊ करतील तर जरूर घे, पण ॲपमध्ये "मान्य आहे" दाबायच्या आधी अटी वाच, त्यात कुठे दावा सोडून दिल्याचं वाक्य असेल तर ते स्क्रीनशॉट काढून इथे टाक, दाबू नकोस.

ग्रिव्हन्स ऑफिसरला टू, नोडल ऑफिसरला सीसी. पाचही जणांनी वेगवेगळ्या मेलवरूनच पाठवा, एकाच मेलमध्ये पाच नावं नकोत, प्रत्येकाला स्वतंत्र तक्रार क्रमांक हवा. ३० दिवस मोजायला तारीख तिथून सुरू होते.